टेकाडावरचं दगडी कमळ

“बसू, दोर ताण. ताण म्हटलं की ताणायचा, त्याच्यावर बसायचं नाही.”

“बसलो कुठं? टेकलोय.”

मानसिंगनं कपाळावर हात मारला. दर फुटाला एक गाठ मारलेल्या त्या दोरानं त्यानं सकाळपासून तीनदा माप घेतलं होतं आणि तिन्ही वेळा वेगवेगळं भरलं होतं. कारण दोराच्या दुसऱ्या टोकाला नऊ वर्षांचा बसप्पा होता, आणि बसप्पाच्या हातात दोर कमी आणि चकली जास्त होती.

सन १९३३ ची दिवाळीची सुट्टी. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. मानसिंगच्या चित्रकलेच्या मास्तरांनी सुट्टीचा अभ्यास दिला होता, ‘एका मोठ्या घराचा मोजमापासहित नकाशा काढून आणा.’ मानसिंगच्या स्वतःच्या घराच्या खोल्या दोन. त्यांचा नकाशा पोस्टकार्डावरही मावला असता. म्हणून त्यानं होटगी रस्त्यावरचा शंकरप्पांचा बंगला धरला. शंकरप्पांचं भवानी पेठेत सुताचं दुकान होतं आणि मानसिंगचे वडील तिथं दिवाणजी होते. बसू हा शंकरप्पांचा मुलगा आणि बारा वर्षांची चंद्रव्वा ही मुलगी. मापं वहीत लिहून घ्यायचं काम तिच्याकडं होतं.

बंगला होताच तसा. जोत्यापर्यंत काळाभोर दगड, वर पांढरा चुना, पुढं गोल खांबांची देवडी आणि तिच्यावर लाल-निळ्या काचा. समोर बाग. बागेचे सारखे चार भाग, त्यांच्यामधून दगडी पाट, आणि चारही पाट जिथं मिळत तिथं अष्टकोनी हौदात कारंजं. बागेच्या वरच्या अंगाला विहीर होती. विहिरीवर मोट चाले, मोटेचं पाणी मोठ्या टाकीत पडे आणि टाकीतून जमिनीखालच्या खापरी नळानं कारंज्याला येई. हे सगळं चंद्रव्वाच्या आजोबांनी, थोरल्या अप्पांनी, येडू मिस्त्रीच्या हातून बांधून घेतलं होतं.

पण आज सहा दिवस झाले, कारंजं बंद होतं. पाट कोरडे पडले होते आणि निशिगंधाच्या माना खाली गेल्या होत्या.

“देवडीची रुंदी बावीस फूट,” मानसिंग म्हणाला. “लिहिलंस का चंद्रा?”

चंद्रव्वानं लिहिलं नव्हतं. तिचं लक्ष ओसरीकडं होतं. तिथं अप्पा, म्हणजे तिचे वडील शंकरप्पा, मोठ्या आवाजात बोलत होते. त्यांच्या शेजारी नळांचा कंत्राटदार धोंडीराम डोक्यावर साहेबी सोला टोपी घालून उभा होता, आणि पायरीच्या खाली, हातात मुंडासं धरून, कोंडीबा माळी.

“आठ दिवस गावाला जाऊन बसलास,” अप्पा म्हणत होते, “आणि इकडं बाग वाळली. दिवाळीत माझ्याकडं माणसं आली आणि कारंजं कोरडं. काय सांगायचं मी त्यांना?”

“नळाकडं बारा-बारा महिने बघत नाहीत हे लोक,” धोंडीराम म्हणाला. “आत मुळ्या शिरल्या असणार. सगळा नळ उकरून लोखंडी टाकावा लागेल. टेकाडाचा खडक सुरुंगानं उडवू. आणि माळी म्हणाल, तर माझा भाचा आहे, हुशार आहे.”

“कोंडीबा, तुला काय म्हणायचंय?” अप्पांनी विचारलं.

कोंडीबाला वीस वर्षं झाली होती या बागेत. मुलीच्या, सोनाबाईच्या, बाळंतपणासाठी तो मंद्रूपला गेला होता आणि तासाभरापूर्वी परत आला होता. त्यानं मान वर केली. आधी बागेतल्या टेकाडाकडं पाहिलं. मग ओसरीच्या टोकाला उभ्या असलेल्या चंद्रव्वाकडं पाहिलं. अगदी क्षणभर. मग पुन्हा मान खाली घातली.

“चूक माजीच हाय मालक.”

“मग झालं तर. सोमवारी खोली रिकामी कर. आणि तोवर बागेत पाऊल टाकायचं नाही. धोंडीराम बघतील काय ते.”

कोंडीबा मुंडासं न बांधताच गेला. चंद्रव्वाला त्याची ती नजर टोचत राहिली. का, ते तिलाही कळेना.

आता त्या टेकाडाचं सांगायला हवं, कारण दिवाळीभर सगळं सोलापूर, निदान अर्धी भवानी पेठ तरी, ते बघायला येऊन गेलं होतं.

बागेत विहीर आणि कारंजं यांच्या मधोमध काळ्या खडकाचं एक टेकाड होतं, माणसाच्या उंचीचं. त्याच्या माथ्यावर कमरेएवढा दगडी खांब आणि खांबावर कोरलेलं कमळ. मागच्या दिवाळीत मानसिंग पुण्याला मामाकडं गेला होता आणि तिथं पोरांनी अंगणात केलेले मातीचे किल्ले पाहून आला होता. यंदा त्यानं टेकाड पाहिलं आणि म्हणाला, “अरे, डोंगर तर आयता आहे.” तिघांनी दोन दिवस खपून किल्ला केला. बुरूज, दरवाजा, तटबंदी, उतारावर अळीव पेरून हिरवं रान. कमळाचा खांब मातीत बुजवून त्याचा बालेकिल्ला केला आणि वर बांबूला भगवं निशाण. येणारा-जाणारा वाहवा करी. अप्पा तर पाहुण्यांना हाताला धरून नेत आणि म्हणत, “आमच्या चंद्रव्वानं केलाय.” त्यावर मानसिंग आणि बसू जे तोंड करत, ते बघण्यासारखं असे.

“मला एक कळत नाही,” मानसिंगनं दोर गुंडाळत म्हटलं. “कारंजं थांबलं तेव्हा कोंडीबामामा मंद्रूपला. मग चूक त्यांची कशी?”

“ते स्वतःच म्हणाले ना,” बसू म्हणाला.

“तू पण म्हणतोस, बसलो नाही टेकलोय. माणूस म्हणतो ते सगळं खरं असतं का?”

“आपण शोधू या,” चंद्रव्वा म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. “सोमवारच्या आत. कोंडीबामामांना घालवायचं नाही.”

तिघं विहिरीकडं निघाले. टाकी काठोकाठ भरलेली होती. मोटेवरचा गडी म्हणाला, “मोट रोज चालतीया की. पानी टाकीत पडतंय आन् टाकीवरनं ओघळून चाललंय. खाली जातच न्हाय.” टाकीपासून थोड्या अंतरावर एक उंच, पोकळ दगडी खांब होता. बसू मानसिंगच्या खांद्यावर चढला आणि त्यानं आत डोकावलं.

“पाणी दिसतंय. पण हलत नाही.”

पुढं चाळीस पावलांवर दुसरा खांब. त्यातही तसंच, पाणी होतं आणि हलत नव्हतं. त्याच्या पुढं मात्र जमिनीवर धोंडीरामनं मारलेल्या चुन्याच्या रेघाच रेघा. एक रेघ गुलाबांच्या वाफ्यातून गेली होती, दुसरी दोन पाट कापून गेली होती.

“याला नळ कुठून जातो तेच माहीत नाही,” मानसिंग म्हणाला. “म्हणून सगळी बाग उकरणार. येडू मिस्त्रीनं नकाशा काढला असेल की नाही?”

चंद्रव्वाला आठवलं. थोरल्या अप्पांची पितळी नळकांडी. अव्वा दर दसऱ्याला ती पुसून पूजेला मांडत असे, पण उघडत कुणीच नसे. दुपारी अव्वाची, म्हणजे आईची, परवानगी काढून त्यांनी ती माजघरात उघडली. आतून मेणकापडावरचा नकाशा निघाला. काळ्या शाईतला, कोपऱ्यात ‘शके १८१८’ लिहिलेला.

मानसिंग पालथा पडून बघू लागला आणि ओरडलाच, “अगं, हे घरच वेगळं आहे!”

“वेगळं कसं असेल?”

“हे बघ. देवडी नाही, गोल खांब नाहीत, रंगीत काचा नाहीत. नुसतं चौसोपी घर. मी सकाळपासून बावीस फुटी देवडी मोजतोय ती इथं नाहीच.”

अव्वा निवडत असलेलं सूप बाजूला ठेवून हसली. “ती मागनं आली. माझं लग्न होऊन मी आले तेव्हा दारापुढं साधा कट्टा होता. मामंजी मुंबईला जाऊन आले, तिथले बंगले बघितले आणि आल्यावर म्हणाले, आपल्यालाही तसली देवडी पाहिजे. पण बाग मात्र मुंबईची नाही हं. बाग विजापूरची. येडू मिस्त्रीला बैलगाडीत घालून घेऊन गेले होते. तिथं बादशाही वेळचे पाण्याचे जुने मनोरे आहेत, ते दाखवले आणि म्हणाले, असं पाणी माझ्या दारात खेळव.”

“आणि टेकाड?” चंद्रव्वानं विचारलं.

“तो खडक मूळचाच. सगळे म्हणाले, सुरुंग लावून फोडा. येडू मिस्त्री म्हणाला, राहू दे, देवानं फुकट दिलेला डोंगर आहे, बागेला शोभा येईल. नळ मी त्याच्या अंगावरनं नेतो.”

मानसिंगचं बोट नकाशावर थांबलं. नळाची रेघ विहिरीपासून निघाली होती. रेघेवर एक लहान वर्तुळ, पुढं दुसरं वर्तुळ, पुढं तिसरं. वर्तुळांपाशी मोडीत काहीतरी लिहिलं होतं. दिवाणजींच्या मुलाला मोडी येत नसेल तर कुणाला येणार? त्यानं अक्षरं लावत वाचलं, “येथे श्वास. तोंड मोकळे ठेवणे.”

“श्वास?” बसू म्हणाला. “नळ श्वास घेतो?”

“पाण्याबरोबर आत हवा जाते. नळ चढावर गेला की माथ्यावर हवा साठते. तिला बाहेर पडायला वाट नसली, तर ती तिथंच बसते आणि पाण्याला पुढं सोडत नाही. म्हणून खांब पोकळ ठेवलेत. दोन आपण पाहिले.”

“मग तिसरा कुठाय?”

तिघं एकदमच नकाशावर वाकले. तिसरं वर्तुळ टेकाडाच्या माथ्यावर होतं, आणि त्याच्याभोवती येडू मिस्त्रीनं हौसेनं आठ पाकळ्या काढल्या होत्या.

चंद्रव्वाचे कान तापले. कोंडीबाची नजर सकाळपासून का टोचत होती, ते तिला आता लख्ख कळलं. मंद्रूपला निघायच्या दिवशी कोंडीबा गाडी पकडायच्या घाईत होता. ती जास्वंदीपाशी उभी होती. जाता जाता तो म्हणाला होता, “निशिगंधाला पानी दे बाळ. शेळी आत येऊ देऊ नगं. आन् त्या कमळाच्या तोंडात काय पडू देऊ नगं, तेवढं बग.” आणि ती म्हणाली होती, “हो मामा.” पाट वाहत होते तोवर निशिगंधाला तिनं पाणी घातलं, शेळीही हाकलली. तिसरी गोष्ट मात्र किल्ल्याच्या नादात साफ विसरली.

तिनं हे सगळं भराभरा सांगून टाकलं. सांगताना तिला त्या दोघांकडं बघवेना.

“तोंडात चिखल मीच कोंबला,” मानसिंग हळूच म्हणाला. “निशाण हलत होतं म्हणून. चांगला दोन ओंजळी कोंबला आणि बांबू ठोकला.”

“आणि चिखल मी कालवला,” बसू म्हणाला, आणि त्याचा चेहरा रडवेला झाला.

“पण तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं. आणि मामांना कळलंय. सकाळी त्यांनी आधी टेकाडाकडं बघितलं, मग माझ्याकडं. किल्ला बघूनच कळलं त्यांना. तरी माझं नाव घेतलं नाही.”

मग मानसिंगचं डोकं चालू लागलं. त्याचं डोकं संकटात जास्तच चालायचं, हा त्याचा गुणही होता आणि दोषही.

“ऐका. उद्या रविवार. जेवणं झाली की सगळे आडवे होतात. तेव्हा चिखल काढू. कारंजं सुरू होईल, अप्पांचा राग जाईल, कोंडीबामामा राहतील. मग आपण कुणाला काही सांगायची गरजच काय?”

हे ऐकून चंद्रव्वाला केवढं बरं वाटलं! बरं वाटल्याची तिला लाजही वाटली, पण तिनं होकारार्थी मान हलवली.

रविवारी दुपारी ओसरीवर अप्पा घोरू लागले. धोंडीराम चिंचेखाली, तोंडावर सोला टोपी ठेवून झोपला होता. सकाळी त्यानं पहार घेऊन दोन-तीन ठिकाणी जमीन ठोकून पाहिली होती आणि तेवढ्यानं तो दमला होता. तिघं टेकाडावर चढले. अळीव आता चांगला बोटभर वाढला होता. बसूनं एकदा किल्ल्याकडं बघून नाक ओढलं आणि मग स्वतःच पहिला बुरूज ढकलला.

वरची माती सहज निघाली. कमळाच्या तोंडातला गोळा मात्र वाळून दगड झाला होता. मानसिंगनं बांबू हलवून पाहिला, चंद्रव्वानं तांब्यानं पाणी घातलं, बसूनं खिळ्यानं कडा उकरल्या. नखांत माती गेली, चंद्रव्वाचं बोट सोललं. शेवटी तिघांनी मिळून बांबू ओढला आणि गोळा बांबूसकट उपसून आला. तिघंही एकमेकांवर पडले.

कमळातून हवा फुसकन बाहेर आली आणि कितीतरी वेळ येतच राहिली.

“झारीचं वरचं भोक बोटानं दाबलं की तोटीतून पाणी येत नाही,” बसू कुजबुजला. “आणि बोट काढलं की येतं. तसंच आहे हे.”

खांबात गुडगुड झाली. पाणी चढत चढत तोंडाच्या हातभर खाली येऊन थांबलं. मग खाली हौदात कारंज्यानं खोकल्यासारखा आवाज केला, दोनदा तांबडं पाणी थुंकलं, आणि एकदम पुरुषभर उंच उडालं.

आवाजानं सगळं घर जागं झालं. अप्पा धोतर सावरत धावत आले, अव्वा आली. धोंडीराम डोळे चोळत आला आणि त्यानं कारंजं पाहिलं. क्षणभरच तो गडबडला.

“आलं ना?” तो म्हणाला. “सकाळी मी जोड ठोकला होता तो सुटला. हाताला अंदाज लागतो हो. अर्थात ही तात्पुरती सोय, लोखंडी नळ टाकावाच लागेल.”

“वा,” अप्पा म्हणाले. “शेवटी जाणकार माणूस पाहिजे.” मग त्यांचं लक्ष मातीनं माखलेल्या मुलांकडं गेलं. “हे काय? किल्ला मोडलात?”

“दिवाळी झाली ना,” मानसिंग म्हणाला. त्यानं तो चिखलाचा गोळा पाठीमागं लपवला होता.

रात्रीच्या जेवणाला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी होती, चंद्रव्वाची आवडती. तिनं एक तुकडा मोडला आणि तोच तोडत बसली.

“अप्पा, आता कारंजं चालू झालं. मग कोंडीबामामा राहतील ना?”

“ते कशाला? त्यानंच चूक कबूल केलीय. चार माणसांत मी शब्द दिलाय. धोंडीरामांचा भाचा परवा येईल.” अप्पा खुशीत होते. “तू नको काळजी करू. पुढच्या दिवाळीत याहून मोठा किल्ला करा. नवा माळी माती आणून देईल.”

सांगायची हीच वेळ होती. चंद्रव्वानं तोंड उघडलं. अप्पांचा चेहरा किती प्रसन्न होता. तिनं तोंड मिटलं आणि भाकरीचा तुकडा आत ढकलला. आपण भित्र्या आहोत, नुसत्या भित्र्या, असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं.

सोमवारी सकाळी फाटकाशी बैलगाडी उभी होती. कोंडीबाची बायको बजाबाई खोलीतून सामान आणून गाडीत भरत होती. जातं, घागरी, उतरंडीची मडकी, धान्याच्या कणग्या. वीस वर्षांचा संसार होता, पण गाडी अर्धीसुद्धा भरली नव्हती. चंद्रव्वा खिडकीतून बघत होती. बजाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा आत गेली.

मग मात्र चंद्रव्वाला खिडकीत उभं राहवेना. ती तडक मानसिंगच्या घरी पळाली. तोही जागाच होता आणि बाहेर पायरीवर बसला होता. काही विचारावं लागलं नाही. तो आत गेला आणि कापडात गुंडाळलेला गोळा घेऊन आला.

“मी बोलते,” ती म्हणाली. “तू फक्त दाखव.”

ओसरीवर अप्पा आणि धोंडीराम चहा पीत होते. चंद्रव्वानं नकाशा त्यांच्यापुढं पसरला.

“अप्पा, जोड ठोकून कारंजं सुरू झालं नाही. आम्ही सुरू केलं. आणि बंदही आम्हीच केलं होतं.”

“काय बोलतेस?”

“टेकाडावरचं कमळ म्हणजे नळाचा श्वास आहे. येडू मिस्त्रीनं इथं लिहून ठेवलंय. आम्ही त्याच्यावर किल्ला केला आणि तोंडात चिखल कोंबला.”

धोंडीराम मोठ्यानं हसला. “श्वास? नळाला काय नाक असतं होय? पोरं काहीतरी ऐकतात आणि सांगत सुटतात.”

मानसिंगनं कापड सोडलं. गोळा अजून बांबूला घट्ट होता. त्याच्या कडेला आठ पाकळ्यांचा ठसा उमटला होता, सुबक आणि स्वच्छ. “चला काका, टेकाडावर लावून दाखवतो,” तो म्हणाला. “आणि तुम्ही जोड ठोकलात ना, तो कुठला ते या नकाशात दाखवा. नळ या रेघेवरून जातो. तुमची पहार या रेघेच्या वीस फूट डावीकडं मारलेली आहे. मी काल संध्याकाळीच दोर लावून पाहिलंय.”

बसू नसताना दोर नीट मोजला जातो, हे त्या दिवशी सिद्ध झालं. धोंडीरामनं नकाशाकडं पाहिलं, गोळ्याकडं पाहिलं, बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला आणि दुसऱ्या कामावर जायला उशीर होतोय असं काहीतरी पुटपुटत सोला टोपी उचलली. पुन्हा तो त्या बंगल्यात दिसला नाही. त्याचा भाचाही नाही.

अप्पांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते चंद्रव्वाकडं बघत होते.

“तुम्हाला माहीत नव्हतं. पोरं आहात.”

इथंच थांबता आलं असतं. अप्पांनी दार उघडं ठेवलं होतं.

“मला माहीत होतं. जाताना मामांनी मला सांगितलं होतं, कमळाच्या तोंडात काही पडू देऊ नको. मी हो म्हटलं होतं. आणि परवा सगळं कळल्यावरही मी गप्प बसले. तुम्ही जेवताना विचारलं असतं तरी कदाचित बोलले नसते.”

अप्पांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग उठले आणि अनवाणीच फाटकाकडं चालू लागले. दोघं मागून गेली, आणि घरातून बसूही पळत आला.

“कोंडीबा,” अप्पा म्हणाले, “पोरीला सांगून गेला होतास, तर मला का नाही सांगितलंस?”

कोंडीबानं बैलाच्या मानेवरचा हात काढला. “काय सांगायचं मालक? बारा वर्साच्या लेकरावर पान्याची राखण टाकून मी गेलो. त्ये काय तिचं काम हाय? मोटेवरच्या गड्याला सांगाया पायजे हुतं. घाईत हुतो, समोर दिसली तिला सांगितलं. मग चूक कुनाची?”

“आणि मी?” अप्पा म्हणाले. “सहा दिवस मोट बघितली, टाकी बघितली, कारंजं बघितलं, आणि पाहुण्यांना किल्ला दाखवत फिरलो. आमच्या वडिलांनी केलेलं पाणी. ते कसं चालतं, एवढं एकदा नकाशा उघडून मी कधी बघितलं नाही. तुला मात्र चार माणसांत बोललो.” त्यांनी कोंडीबाच्या खांद्यावर हात ठेवला. “मी चुकलो. सामान उतरव. जाऊ नकोस.”

कोंडीबानं लगेच हो म्हटलं नाही. त्यानं गाडीकडं पाहिलं, बागेकडं पाहिलं. “बरं,” तो म्हणाला. “निशिगंध लई सुकलाय. आदी त्येला बगतो.”

मग जे व्हायचं ते झालंच. शेजारपाजारची माणसं जमली. अप्पांनी नकाशा सगळ्यांना दाखवला, तो काचेत बसवून ओसरीवर लावणार म्हणाले. मानसिंगच्या वडिलांनी पोराच्या मोडीचं कौतुक केलं. बसूनं झारीचा दृष्टान्त सात जणांना सांगितला.

“आमच्या पोरांनी बाग वाचवली,” अप्पा म्हणाले. “चंद्रव्वा, इकडं ये.”

“वाचवली नाही अप्पा,” चंद्रव्वा म्हणाली. “मोडली होती, ती परत केली.” आणि ती गर्दीतून निघून फाटकाकडं गेली.

बजाबाई एकटीच गाडीतलं सामान उतरवत होती. तिचा चेहरा दगडासारखा होता. चंद्रव्वा तिच्यासमोर उभी राहिली.

“मावशी, चुकले मी.”

बजाबाईनं तिच्याकडं बघितलं नाही. मडक्यांची उतरंड उचलली आणि खोलीत गेली. कोंडीबानं लेकराला माफ केलं होतं, पण दोन दिवस भांडी बांधत कोंडीबा बसला नव्हता, ती बसली होती. कुठं जायचं, काय खायचं, बाळंतीण लेकीला काय सांगायचं, हा सगळा घोर तिला लागला होता.

चंद्रव्वानं गाडीतून एक कणगी ओढली आणि खोलीच्या दाराशी नेऊन ठेवली. परत आली, पितळी परात घेतली. तिकडून अप्पा हाका मारत होते, पेढे वाटत होते. ती गेली नाही. चार खेपा झाल्या, सहा झाल्या. बजाबाई समोरून येई-जाई, पण शब्द बोलेना. चंद्रव्वाला वाटलं, ही बाई आता माझ्याशी कधीच बोलणार नाही, आणि तसं झालं तरी मला तक्रार करायला जागा नाही.

शेवटी गाडीत तळाशी मातीची मोठी घागर तेवढी राहिली. चंद्रव्वानं ती दोन्ही हातांनी उचलली. घागर जड होती, तिच्या हातातून सरकली, पोटाशी धरून ती कशीबशी सावरली. बजाबाई दारात थांबून बघत होती.

“तळाला हात लाव,” ती म्हणाली. “काठाला धरलीस तर काठ तुटल.”

चंद्रव्वानं तळाला हात लावला आणि घागर आत नेली.